न मावळणारी सायंकाळ : ‘अ लिटल नाइट म्युझिक’ या संगीतिकेची प्रस्तावना

स्वीडन देशात जून महिन्याच्या उत्तरार्धात दिवस इतका लांबतो की, स्टॉकहोमसारख्या नगरातही सूर्य रात्री दहाच्या सुमारास क्षितिजाखाली जातो आणि पहाटे साडेतीनच्या आसपास पुन्हा वर येतो. मधल्या अवधीत जो काळोख पडावा अशी आपली अपेक्षा असते तो पडतच नाही, आणि संध्याकाळ व पहाट यांच्या सीमा एकमेकींत मिसळून एक फिकट, निळसर, सावल्या नसलेला संधिप्रकाश सर्वत्र भरून राहतो. या दिवसांत तिकडे मोठा उत्सव असतो. पानाफुलांनी मढविलेल्या स्तंभाभोवती लोक फेर धरतात, आणि अविवाहित मुलींनी सात जातींची फुले खुडून उशाखाली ठेवली म्हणजे भावी पती स्वप्नात दिसतो, अशी तेथील जुनी समजूत आहे. आपल्याकडे याच सुमारास मृग सरून आर्द्रा लागलेल्या असतात, आभाळ भरून आलेले असते, आणि आपल्या काव्यातील प्रणयाला मेघांचा व अंधाराचा आडोसा इतका सवयीचा झालेला आहे की, ज्या ऋतूत रात्रच येत नाही त्या ऋतूत प्रेमिकांनी लपावे कोठे, हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात सहसा उद्भवत नाही. ज्या संगीतिकेचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे, तिचा सारा डोलारा याच प्रश्नावर उभा आहे.

‘अ लिटल नाइट म्युझिक’ ही संगीतिका न्यूयॉर्कच्या शुबर्ट रंगमंदिरात 25 फेब्रुवारी 1973 रोजी प्रथम रंगभूमीवर आली. गीते आणि संगीत स्टीफन सॉन्डहाइम यांचे, संहिता ह्यू व्हीलर यांची, आणि निर्मिती व दिग्दर्शन हॅरल्ड प्रिन्स यांचे. यांपैकी सॉन्डहाइम आणि प्रिन्स या जोडीने 1970 साली ‘कंपनी’ व 1971 साली ‘फॉलीज’ अशा दोन संगीतिका लागोपाठ केलेल्या होत्या. जाणकारांनी त्यांची वाखाणणी केली, परंतु ‘फॉलीज’मध्ये ओतलेले भांडवल बुडाले, आणि प्रिन्स यांना आता तिकीटखिडकीवर चालेल असे काहीतरी करणे भाग होते. प्रणयाची, थोडी जुन्या थाटाची, संगीताला भरपूर वाव देणारी एखादी कथा घ्यावी असा उभयतांचा विचार बरेच दिवस चाललेला होता. प्रथम त्यांनी झां आनुई या फ्रेंच नाटककाराच्या एका नाटकावर डोळा ठेवला होता, पण तेथून परवानगी मिळाली नाही. मग त्यांची दृष्टी इंगमार बर्गमन यांच्या 1955 सालच्या ‘स्माइल्स ऑफ अ समर नाइट’ या चित्रपटाकडे वळली.

या चित्रपटाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. बर्गमन म्हटले की मृत्यू, मौन आणि ईश्वराचा अभाव एवढेच ज्यांना आठवते त्यांनी हा चित्रपट मुद्दाम पाहावा. दिग्दर्शकाची मनःस्थिती त्या काळात अतिशय खालावलेली होती आणि व्यवसायदृष्ट्या त्याला यशाची निकड होती. अशा अवस्थेत त्याने ही हसरी, चावरी, विलक्षण रेखीव सुखात्मिका रचली. 1956 साली कान महोत्सवात तिला काव्यात्म विनोदासाठी खास पारितोषिक मिळाले, आणि ही वार्ता आपल्याला शौचकूपात वर्तमानपत्र वाचताना कळली असे बर्गमन पुढे स्वतःच मिस्किलपणे सांगत. चित्रपटात गाणे म्हणावे असे थोडेच आहे. पण त्याची घडण मात्र एखाद्या वाद्यवृंदाच्या रचनेसारखी आहे, आणि सॉन्डहाइम यांच्यासारख्या संगीतज्ञाला ती मोहात पाडणारी वाटली असल्यास नवल नाही. संगीतिकेचे शीर्षक मोझार्टच्या 1787 सालच्या सुप्रसिद्ध सेरेनेडच्या नावाचे सरळ इंग्रजी रूप आहे.

कथानक विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरील स्वीडनमध्ये घडते. फ्रेडरिक एगरमन हे मध्यमवयीन, प्रतिष्ठित, बुद्धीने तल्लख असे वकील. पहिली पत्नी निवर्तल्यावर त्यांनी अॅन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला असून, अकरा महिने लोटले तरी हा विवाह केवळ कागदोपत्रीच राहिलेला आहे. पहिल्या विवाहातून झालेला मुलगा हेन्रिक धर्मोपदेशकाचे शिक्षण घेत आहे, चेलो वाजवितो, पापाच्या कल्पनेने सदैव ग्रासलेला असतो, आणि आपल्याहूनही वयाने लहान असलेल्या सावत्र आईवर त्याचे मन जडलेले आहे. वकीलसाहेबांची पूर्वाश्रमीची प्रेयसी देझिरे आर्मफेल्ट ही नामांकित नटी. गावोगावचे दौरे करून ती आता थकत चाललेली आहे, तिला फ्रेडरिका नावाची तेरा वर्षांची मुलगी आहे (या नावातून प्रेक्षकाने काय तो अर्थ काढावा), आणि तूर्त ती काउंट कार्ल-मॅग्नस या घोडदळातील गर्विष्ठ सरदाराची रक्षिता आहे. काउंटची पत्नी शार्लट हे सर्व जाणून आहे आणि तरीही त्या मूर्खावर जीव टाकते. या सर्वांवर देझिरेची वृद्ध माता, मादाम आर्मफेल्ट; चाकांच्या खुर्चीत बसून ती पत्ते मांडत असते, आणि तारुण्यात राजेरजवाड्यांशी केलेल्या संबंधांतून मिळविलेल्या इस्टेटीवर, वाड्यांवर आणि चित्रांवर समाधानाने दृष्टी फिरवीत, हल्लीच्या पिढीला व्यवहारच कळत नाही म्हणून नाके मुरडते. पहिल्या अंकात नगरात गुंता होतो. दुसऱ्या अंकात, म्हातारीच्या आमंत्रणाने आणि काहींच्या बाबतीत आमंत्रणाशिवायच, सर्व मंडळी तिच्या खेड्यातील हवेलीत दोन दिवसांच्या मुक्कामाला जमतात आणि गुंता सुटतो.

तो कसा सुटतो हे पाहण्यापूर्वी, अशा गुंत्याशी आपला जुना परिचय आहे हे नमूद केले पाहिजे. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ संगीतरूपाने 1916 साली रंगभूमीवर आले. आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराच्या ‘ऑल इन द राँग’वरून ते बेतलेले आहे, आणि त्यातही दोन जोडपी, एक तसबीर आणि सर्वांनी सर्वांवर घेतलेला संशय यांचा मोठा बहारदार घोळ आहे. पण फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या संसारातले वादळ केवळ गैरसमजाचे आहे. तसबीर कोणाची, ती कोणाच्या हातून पडली आणि कोणाच्या हाती लागली, एवढ्या बाबींची रुजुवात झाली की मामला निकालात निघतो आणि ज्याचा तो आपापल्या घरी जातो. ‘अ लिटल नाइट म्युझिक’मध्ये गैरसमज असा जवळजवळ नाहीच. आपल्या पतीची रक्षिता कोण हे शार्लटला ठाऊक आहे. ती अॅनला सांगते. अॅनला आधीच शंका आलेली असते. काउंटला संशय आहे आणि तो खरा आहे. देझिरेच्या बिऱ्हाडी अपरात्री अर्ध्या पोशाखात सापडलेल्या वकिलासंबंधी, हे आईच्या मिळकतीच्या दस्तऐवजांवर सह्या घेण्यासाठी आले होते आणि चुकून न्हाणाच्या टबात पडले, अशी जी कैफियत काउंटपुढे मांडली जाते, तिच्यावर मांडणाऱ्यांचाही विश्वास नसतो आणि ऐकणाऱ्याचाही. पुरावा भरपूर आहे, साक्षीदार हजर आहेत, आणि तरी निकाल लागत नाही. कारण येथील पात्रे वस्तुस्थितीविषयी चुकलेली नाहीत. ती वेळेविषयी चुकलेली आहेत. प्रत्येकाचे प्रेम एकतर फार लवकर आले आहे किंवा फार उशिरा, आणि घड्याळ पुढेमागे करण्याचा अधिकार कोणत्याच न्यायासनाला नाही.

सॉन्डहाइम यांनी हे सूत्र आरंभीच्या तीन गीतांतच उघड करून टाकले आहे, आणि माझ्या मते साऱ्या संगीतिकेतील कारागिरीचा कळस तेथेच आहे. दुपारची वेळ. वामकुक्षीपूर्वी कपडे उतरवीत असताना फ्रेडरिक आपल्या अस्पर्शित पत्नीला जवळ कसे करावे याचा विचार करतो. पण करतो तो वकिली पद्धतीने, पक्ष आणि पोटपक्ष पाडून, प्रत्येक पर्यायाच्या बाजूने व विरुद्ध युक्तिवाद करीत, आणि एवढ्या सूक्ष्म छाननीनंतर जो ठराव तो मंजूर करतो तो झोप घेण्याचा! त्याचे गीत ‘आत्ता’ या विषयाचे. शेजारच्या खोलीत हेन्रिक चेलोवर गज ओढीत आपल्याला जो तो ‘नंतर’ म्हणून टाळतो याबद्दल आकांत करतो; त्याचे स्वर चढत चढत अशा टिपेला जातात की तेथे गाणे आणि किंकाळी यांत फारसा भेद उरत नाही. मग अॅन झोपलेल्या पतीजवळ येऊन ‘लवकरच’ असे वचन देते. तीन स्वतंत्र चाली, तीन स्वभाव, काळाच्या तीन कल्पना. आणि त्या पूर्ण ऐकवून झाल्यावर संगीतकार त्या तिन्ही एकाच वेळी, एकीवर एक रचून, पुन्हा गावयास लावतो. तेव्हा श्रोत्याला कळते की, एका घरात राहणारी ही तीन माणसे स्वराने जुळत असली तरी एकाच क्षणात कधीच जगत नाहीत. गीत संपता संपता झोपेत फ्रेडरिकच्या तोंडून एक नाव निघते, आणि ते अॅनचे नसते. एखाद्या गद्य नाटककाराला ज्यासाठी अख्खा प्रवेश खर्ची घालावा लागला असता ते सर्व येथे काही मिनिटांत, आणि एकही शब्द स्पष्टीकरणार्थ न उच्चारता, झालेले असते.

आपल्या संगीत नाटकाच्या परंपरेत पदाचे काम बहुधा वेगळे असे. ‘सौभद्र’च्या काळी पदे कथेत बऱ्यापैकी गुंतलेली होती, पुढे गवयाच्या गायकीचा प्रताप वाढत गेला तसतसे पद सुरू झाले की कथानकाला मुदतवाढ मिळे, ‘वन्स मोअर’च्या गजरात तेच पद पुनःपुन्हा रंगे, आणि प्रेक्षकालाही तेच हवे असे. त्या आनंदाची किंमत मी कमी लेखीत नाही. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे कान त्यावर पोसलेले आहेत. परंतु तोच कान घेऊन सॉन्डहाइम यांच्याकडे गेलेल्या श्रोत्याची निराशा होण्याचा संभव आहे. येथे गायक विस्तार करीत नाही, तान घेत नाही, आणि शब्द हुकला की नाटकाचा धागा हुकतो. पहिल्या अंकाचे शेवटचे गीत पाहावे. हवेलीवरून आलेली आमंत्रणपत्रिका अॅनच्या हाती पडते. जावे की न जावे. शार्लट सल्ला देते की जावे आणि पांढरी वस्त्रे नेसून जावे, म्हणजे शेजारी उभ्या राहणाऱ्या देझिरेचे वय आपोआप डोळ्यांत भरेल. काउंट न बोलावताच निघण्याचा हुकूम सोडतो. हेन्रिक नीतीच्या दृष्टीने विचार करतो. आणि निर्णय फिरत फिरत सर्व पात्रे सामानासह प्रस्थान ठेवतात. हे गीत म्हणजे एक संपूर्ण प्रहसन आहे.

संगीताविषयी एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी. या नाटकातील जवळजवळ सर्व संगीत तीनच्या मात्रेत किंवा तिच्या पटीत बांधलेले आहे: वॉल्ट्झ, माझुर्का, साराबांद आणि त्यांचे सगेसोयरे. दादऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानाला तीन-तीनचे झोके परके नाहीत. पण दीड-दोन तास त्याच झोक्यावर राहणे आणि तरीही कंटाळा येऊ न देणे हे सोपे काम नव्हे. वॉल्ट्झ हे दोघांचे नृत्य, आणि त्याची मात्रा मात्र तीनची. तसेच येथे जेथे जेथे दोन माणसे गातात तेथे तेथे गीताचा विषय हटकून एक तिसरे, अनुपस्थित माणूस असते. चौदा वर्षांनी प्रेयसीच्या दारी गेलेला फ्रेडरिक तिला काय ऐकवितो, तर आपल्या पत्नीचे गुणवर्णन. अॅन आणि शार्लट एकत्र गातात ते पुरुषांच्या क्षुद्र, रोजच्या, टाचणीएवढ्या अपमानांविषयी. काउंट आणि वकील शेजारी बसून गातात, तेही देझिरे विरूप झाली असती तर किती बरे झाले असते याविषयी. जोनाथन ट्यूनिक यांनी या सर्वांना जी वाद्ययोजना दिली आहे ती तलम आहे, आणि तिच्या जोडीला पाच गायकांचा एक चमू आरंभापासून अखेरपर्यंत रंगमंचावर ये-जा करतो. यांना कथेत भूमिका नाही. ते जुन्या प्रेमप्रकरणांच्या अर्धवट आठवणी गातात, वाद्यमेळ सुरू होण्यापूर्वी गळा तापवितात, कोणाच्या तरी तोंडी न आलेले विचार बोलून दाखवितात. संहिता वाचताना त्यांची वाक्ये डोळ्याआड करण्याचा मोह होतो, तो टाळावा.

आता त्या गीताकडे वळले पाहिजे, ज्यामुळे हे नाटक न पाहिलेल्या लक्षावधी लोकांनाही त्याचा एक तुकडा ठाऊक आहे. ‘सेंड इन द क्लाउन्स’ हे गीत मूळ आराखड्यात नव्हते. त्या प्रवेशात गावयाचे झालेच तर ते फ्रेडरिकने, अशी कल्पना होती. तालमी चालू असताना प्रिन्स यांनी तो प्रवेश असा बसविला की त्याचे केंद्र देझिरेकडे सरकले, आणि सॉन्डहाइम यांनी अगदी थोडक्या अवधीत तिच्यासाठी गीत लिहून आणले. देझिरेची भूमिका करणाऱ्या ग्लिनिस जॉन्स यांचा आवाज रुपेरी, किंचित घोगरा, मोहक होता. पण दम लांब नव्हता, स्वर फार वेळ धरून ठेवता येत नसे. म्हणून संगीतकाराने ओळी तोकड्या ठेवल्या, त्यांपैकी बऱ्याच प्रश्नार्थक केल्या, आणि शेवटी व्यंजनावर तुटणारे शब्द योजले, जेणेकरून न ताणलेला स्वर ही उणीव न वाटता बोलणाऱ्या बाईचा स्वभाव वाटावा. नटीच्या मर्यादेतून कलाकृतीचा घाट निर्माण झाल्याचे याहून चोख उदाहरण मला चटकन आठवत नाही. क्लाउन म्हणजे सर्कशीतला विदूषक खराच, पण येथे बोलते आहे ती एक व्यावसायिक नटी, आणि प्रयोग कोसळू लागला म्हणजे विदूषकांना आत पाठवून वेळ मारून नेण्याची रंगभूमीवरची रीत ती स्वतःच्या फसलेल्या आयुष्याला लावते आहे. फ्रेडरिकने नुकतेच तिला सांगितलेले असते की, तुझ्याकडे यावयाला हवे हे कळते, पण ते अठरा वर्षांचे स्वप्न सुटत नाही. तिने अश्रू ढाळावेत असा हा क्षण नव्हे. ती संतापलेली आहे, आणि संताप विनोदाच्या आड ठेवण्याइतकी ती मुरलेली आहे. 1975 साली जूडी कॉलिन्स यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या आवृत्तीमुळे हे गीत घरोघर पोहोचले आणि 1976 मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम गीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेव्हापासून ते बहुतेक ठिकाणी एक सुस्कारा म्हणून गायिले जाते. संदर्भातून काढल्यावर त्यातील दात पडतात.

शेवट विषादाकडे झुकता झुकता हास्याकडे वळतो. प्रक्षुब्ध झालेला हेन्रिक जीव द्यावयास निघतो आणि त्यातही धड यशस्वी होत नाही; त्याला वाचविताना अॅनला कळते की आपले मन कोणावर आहे, आणि सावत्र आई व सावत्र मुलगा हवेलीतून पळ काढतात. काउंट वकिलाला बागेतील मंडपात नेऊन पिस्तुलाच्या नशिबाचा खेळ खेळावयास लावतो. गोळी फ्रेडरिकच्या कानाला चाटून जाते. तरुणी तरुणाकडे, काउंट आपल्या पत्नीकडे, वकील आपल्या नटीकडे. ग्रीष्मातली रात्र तीनदा हसते, असे म्हातारीने नातीला सांगून ठेवलेले असते: पहिल्यांदा कोवळ्यांवर, मग खुळ्यांवर, अखेरीस वृद्धांवर. तिसऱ्या हास्याची वाट पाहणारी ती स्वतःच असते. सॉन्डहाइम यांची मूळची योजना अधिक काळोखी होती. म्हातारी पत्ते पिसते, आणि तीच मंडळी, तोच मुक्काम, निरनिराळ्या निष्पत्तींसह पुन्हा पुन्हा घडतो, अशी काहीशी ती कल्पना; प्रिन्स यांनी ती नामंजूर केली. पत्ते तेवढे म्हातारीच्या हाती शिल्लक राहिले. माझ्या मते प्रिन्स यांचा निर्णय योग्यच होता. वरून साखर पेरलेली असल्यामुळेच आतला कडवटपणा शेवटपर्यंत गिळवतो.

प्रयोगाच्या इतिहासाची नोंद थोडक्यात करतो. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या निर्मितीचे 601 प्रयोग झाले आणि तिला सर्वोत्कृष्ट संगीतिकेचे टोनी पारितोषिक मिळाले. बोरिस अॅरनसन यांच्या नेपथ्यात भूर्जवृक्षांचे बुंधे रंगविलेले सरकते पडदे होते. ते हलले की घर बाग होई आणि बाग घर. लंडनला 1975 साली जीन सिमन्स, तेथेच 1995 साली नॅशनल थिएटरमध्ये ज्यूडी डेंच, आणि 2009 साली पुन्हा न्यूयॉर्कला कॅथरिन झीटा-जोन्स यांनी देझिरे साकारली. या शेवटच्या प्रयोगात मादाम आर्मफेल्टच्या खुर्चीत अँजेला लॅन्सबरी होत्या. 1977 साली प्रिन्स यांनीच एलिझाबेथ टेलर यांना घेऊन चित्रपट केला, आणि तो साफ पडला. कारणे पुष्कळ सांगतात. मला मुख्य कारण असे दिसते की, कथा स्वीडनमधून उचलून ऑस्ट्रियात नेली गेली. व्हिएन्नाच्या आसमंतात वॉल्ट्झ शोभतो हे खरे, पण तेथे जूनमध्येही सूर्य रीतसर मावळतो, अंधार पडतो, माणसांना लपावयास जागा मिळते. मग सगळ्यांना उजेडात ताटकळत ठेवणारा जो न संपणारा प्रहर, ज्यावर दुसऱ्या अंकाच्या प्रारंभी पाचही गायक वैतागून गातात, त्याचे प्रयोजनच उरत नाही.

त्याच चित्रपटातून एक गीतही वगळले गेले, आणि त्याविषयी मतभेद आहेत म्हणून येथे लिहितो. पेट्रा ही एगरमन यांच्या घरची मोलकरीण. सारी बडी मंडळी आत-बाहेर तळमळत असता ती हवेलीतील फ्रिड या नोकराबरोबर गवतावर रात्र घालविते, आणि तो झोपल्यावर एकटीच गाते: आपण लग्न करू ते कोणाशी, गिरणीवाल्याच्या मुलाशी, एखाद्या व्यापाऱ्याशी, की थेट युवराजाशी, आणि तोवर मिळेल तो क्षण सोडावयाचा नाही. कथानकाच्या दृष्टीने या गीताची गरज नाही, ऐन शेवटाच्या तोंडावर ते गतीला अडवते, असा आक्षेप घेतला जातो. चित्रपटकर्त्यांनी तो मानला आणि गीत गाळले. मला हा आक्षेप मान्य नाही. ‘आत्ता’, ‘नंतर’ आणि ‘लवकरच’ यांच्या कचाट्यात सापडलेल्या त्या सभ्य कुटुंबात, आपल्या वाट्याला किती दिवस आहेत याचा रोखठोक हिशेब मांडता येणारी पेट्रा ही एकटीच आहे. तिला इस्टेट नाही, वकीलपत्र नाही, प्रतिष्ठा सांभाळावयाची नाही. प्रयोग पाहण्याची संधी मिळाली तर, पेट्राचे गीत चालू असताना रंगमंचावर आणखी कोण कोण आहे आणि ते काय करीत आहेत, इकडे प्रेक्षकाने जरूर लक्ष द्यावे. दिग्दर्शकाला हे नाटक कितपत उमगले आहे त्याचा अंदाज तेथे येतो.